नळ मोजले, आता नेटवर्क मोजा

जुलै 2022 मध्ये मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. 254 गावं, 1,01,905 घरं. ऑगस्ट 2019 मध्ये घरोघर नळ देणारी जल जीवन मिशन योजना सुरू झाली तेव्हा यातल्या जेमतेम 37 हजार घरांत नळ होता. आकडा मोठा आहेच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती प्रमाणपत्राची पद्धत. ‘पाणी पोचलं’ असं खात्यानं कळवलं म्हणून गाव मोकळं सुटत नव्हतं. ते ग्रामसभेपुढे ठेवायचं, घरात, शाळेत, अंगणवाडीत पाणी येतं की नाही हे लोकांनी सांगायचं, ठराव झाला की मगच गाव ‘प्रमाणित’. तोवर ते नुसतं ‘कळवलेलं’.

जसोंडी हे गाव याच जिल्ह्यातलं. तापीकाठच्या या केळी-कापसाच्या मुलखात अनेक घरांत मराठी बोलली जाते. सोयरीक महाराष्ट्रातल्या रावेर-मुक्ताईनगरकडची, कचेरी बुऱ्हाणपूरची आणि राजधानी भोपाळ. जसोंडीसारख्या गावांसाठी माझी मागणी एकच आहे: मोबाइल आणि इंटरनेटची सेवाही नळासारखीच घरागणिक मोजावी, ग्रामसभेनं प्रमाणित करावी आणि त्यावरच सरकारी पैसा सुटावा. ही मागणी मांडली की समोरून ठरावीक उत्तरं येतात. ती एकेक करून पाहू.

सगळ्यात आधी ऐकू येतं ते हे, की भारतात डेटा जगातल्या सर्वांत स्वस्त देशांइतका स्वस्त आहे, मग रडता कशाला? एका जीबीचा भाव कमी आहे, हे खरं. पण गावातल्या माणसाला जीबी विकत घ्यायचा नसतो, त्याला नंबर चालू ठेवायचा असतो. त्याचा हिशेब जीबीवर होत नाही, रिचार्जवर होतो. अठ्ठावीस दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. निदान एक पॅक तीस दिवसांचा ठेवा, हे सांगायला ट्राय या दूरसंचार नियामकाला जानेवारी 2022 मध्ये आदेश काढावा लागला. ज्याला फक्त बोलायचं आहे, ज्याच्या हातात बटणांचा फोन आहे, त्यालाही डेटाचे पैसे मोजावे लागत. फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा पॅक द्यावाच लागेल, हा नियम डिसेंबर 2024 मध्ये आला. त्याआधी जुलैत तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवून घेतले होते. शेतात विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवलेला असतो, रात्री लाइट आली की घरून फोन लावून मोटार सुरू करता येते, अंधारात बांध तुडवत जावं लागत नाही. त्या स्टार्टरमध्येही सिम असतं, आणि तेही जिवंत ठेवावं लागतं. या शेतकऱ्याला जीबीचा जागतिक भाव सांगून काय उपयोग?

दुसरं उत्तर सरकारी आहे आणि जास्त वजनदार आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर झालं, पुढे त्याचं नाव भारतनेट झालं, सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या ठरल्या, डिसेंबर 2017 पर्यंत पहिल्या टप्प्यातल्या एक लाख जोडल्याही. म्हणजे गाव ‘कनेक्टेड’ आहे, असं कागद सांगतो. पण कागदावर जी वायर पोचते ती पंचायतीच्या खोलीपर्यंत. खोलीला कुलूप असेल, लाइट नसेल, पेटीतलं यंत्र बंद असेल, तरी गाव जोडलेलंच राहतं. त्यात मुळातली आखणी माळेसारखी होती, एकापुढे एक पंचायत. रस्त्याच्या कामात जेसीबीनं एका जागी केबल तोडली की पुढच्या सगळ्या पंचायती अंधारात. ही चूक सरकारनं स्वतः ओळखली. ऑगस्ट 2023 मध्ये 1,39,579 कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात केबल वर्तुळात टाकायची ठरली, म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं सेवा चालू राहील. दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही झाली. हे स्वागतार्हच आहे. पण वर्तुळ फिरतंय की नाही, हे गावाला विचारण्याची सोय त्यातही नाही.

मोबाइलचीही तीच गत. ट्रायच्या 2024 च्या सेवा-गुणवत्ता नियमांनी कंपन्यांना आपापल्या सेवेचे नकाशे वेबसाइटवर टाकायला लावले. पूर्वी अख्ख्या सर्कलची, म्हणजे परवान्याच्या विभागाची, सरासरी काढून भागत असे, आता मोजमाप टॉवरपर्यंत खाली आलं. चांगली पावलं आहेत. तरी नकाशा काढणार कंपनीच. आणि भरपाईचा नियम पाहा. सेवा बंद पडली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला वैधता वाढवून मिळायची, पण ती सेवा जिल्हा पातळीवर चोवीस तासांहून जास्त बंद असेल तर. म्हणजे सगळा बुऱ्हाणपूर जिल्हा दिवसभर गप्प झाला तर भरपाई. एकट्या गावाचा टॉवर पावसाळ्यात आठवडाभर मेलेला असेल, तर एक रुपया नाही. एवढं मोठं माप लावल्यावर खेड्याचं दुखणं त्यात दिसणारच कसं?

तिसरे म्हणतात, बाजाराला परवडत नाही. थोड्या घरांसाठी टॉवर कोण उभारील? हा युक्तिवाद 2002 सालीच निकालात निघाला आहे. त्या वर्षीच्या एप्रिलपासून सर्वांपर्यंत सेवा पोचवण्यासाठी स्वतंत्र निधी आहे. कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे पाच टक्के त्यासाठी घेतले जातात. आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. हे पाच टक्के शेवटी तुमच्या-माझ्या बिलातूनच येतात, जसोंडीच्या रिचार्जमधूनही. न परवडणाऱ्या जागांसाठीच हा पैसा गोळा झाला, आणि वर्षानुवर्षं जेवढा जमला तेवढा खर्च झाला नाही, महालेखापरीक्षकांनी त्यावर बोटही ठेवलं. तेव्हा पैसा नाही हे कारण चालणार नाही. पैसा कशावर सुटतो, हा प्रश्न आहे. नुसती वायर टाकली, खांब उभारला म्हणून तो सुटू नये. तो चालू सेवेवर सुटायला हवा.

‘खेड्याला इतकं इंटरनेट हवंच कशाला, पोरं रील बघत बसतात’ हा आक्षेप मात्र मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो गावातल्या कर्त्या माणसांच्या तोंडीही असतो. पोरांच्या वेळेची चिंता खरी आहे. पण इंटरनेट गावानं मागितलं त्याआधी सरकारनं ते गावावर बंधनकारक केलं आहे. रेशनला अंगठा, पीएम-किसानला ई-केवायसी, मध्य प्रदेशातल्या लाडली बहना योजनेसाठी समग्र आयडीची, म्हणजे राज्याच्या ओळखक्रमांकाची, ई-केवायसी आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. सीमेलगतच्या एका गावात रेशन दुकानावर मी पाहिलं: दुकानदार पॉस मशीन घेऊन बाहेर ओट्यावर आला, हात उंच करून उभा राहिला, रेंजची एक कांडी दिसली तसा खाली वाकला. समोरच्या म्हातारीनं बोट पदराला पुसून काचेवर ठेवलं. मशीनवरचं चक्र फिरत राहिलं. तिनं दुसरं बोट ठेवलं, मग तिसरं. दोष बोटाचा नव्हता, रेंजचा होता, पण बोट ती पुसत होती. ‘उद्या या माय,’ दुकानदार म्हणाला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, तोही सकाळपासून हेच करत होता. उद्या यायचं म्हणजे केळीच्या बागेतली एका दिवसाची मजुरी जाणार. हिच्या धान्यात आणि पोरांच्या रीलमध्ये फरक न करणाऱ्यांनी एक दिवस त्या ओट्यावर उभं राहून पाहावं. ज्या कामासाठी सरकार नेटवर्क सक्तीचं करतं, तिथे नेटवर्क देण्याची सक्ती सरकारवरही हवी, आणि ते नसेल त्या दिवशी वहीवर सही घेऊन धान्य मिळायलाच हवं.

सीमेचा म्हणून एक वेगळा भार या गावांवर आहे. टेलिकॉमचे परवाने सर्कलनिहाय दिलेले, मध्य प्रदेश सर्कलमध्ये छत्तीसगड, महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये गोवा. रावेरला दिलेली लेक आणि इकडची आई दोन सर्कलमध्ये राहतात. देशभर नंबर बदलायची गरज उरली नाही ती 3 जुलै 2015 पासून. त्याआधी बिऱ्हाड सीमेपलीकडे गेलं की जुना नंबर ठेवायचा तर रोमिंगचा भुर्दंड सोसावा लागे. तक्रारीचा नंबर लावला तर मध्य प्रदेश सर्कलची सेवा हिंदीत बोलते. सीमेलगतच्या तालुक्यांत मराठीचाही पर्याय द्यायला कुठलंही नवं तंत्र लागत नाही, आदेश लागतो.

आता शेवटचा आक्षेप. तो माझ्या बाजूच्या माणसांचा आहे, म्हणून जास्त मन लावून ऐकायला हवा. ते म्हणतात, ग्रामसभेच्या प्रमाणपत्रांचं काय सांगता, उन्हाळ्यात नळ कोरडे पडतात तेव्हा ती प्रमाणपत्रं कुठे जातात? तक्रार बरोबर आहे. ठराव झाला म्हणून पाणी कायमचं येत नाही. पण ठराव असला की गावाच्या हातात एक कागद राहतो. ‘तुम्ही हे मान्य केलं होतं, आज येत नाही’ असं सभेत उभं राहून म्हणता येतं, जुना ठराव फिरवता येतो. नेटवर्कच्या बाबतीत गावाकडे आज असा कागदच नाही. कंपनीचा नकाशा आहे, मंत्रालयाचा डॅशबोर्ड आहे, गावाचं म्हणणं कुठेच नोंदलेलं नाही.

घरागणिक मोजणं अशक्य नाही. पंचावन्न लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या फिनलंडनं 1 जुलै 2010 पासून प्रत्येक कायमच्या घराला किमान एक एमबीपीएसची जोडणी हा कायदेशीर हक्क केला. जंगलात, तळ्याकाठी विखुरलेली घरं असलेला तो देश. तिथे कायद्यानं गाव मोजलं नाही, घर मोजलं. आपल्याकडेही 1986 मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेनं कर्नाटकात कित्तूरला ग्रामीण एक्स्चेंज बसवलं ते आपल्या हवामानाचा, आपल्या धुळीचा विचार करून. खेड्याला धरून तंत्र घडवणारी माणसं या देशात होती आणि आहेत.

मध्य प्रदेशात 26 जानेवारी, 14 एप्रिल, 2 ऑक्टोबर अशा ठरलेल्या दिवशी ग्रामसभा भरते. जसोंडीनं आणि आजूबाजूच्या गावांनी येत्या सभेत हा विषय घ्यावा. ठरावात चार गोष्टी लिहाव्यात: गावातल्या किती घरांत, घराच्या आत बसून फोन लागतो, लाइट गेल्यावर टॉवर किती वेळ चालतो, रेशन दुकान, शाळा, अंगणवाडी आणि पंचायतीत त्या दिवशी इंटरनेट चालू होतं की नाही, मागच्या तीन महिन्यांत सेवा किती दिवस बंद होती. खाली सरपंच-सचिवांच्या सह्या, अंगठे, तारीख. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक भोपाळच्या दूरसंचार कार्यालयाला, एक ट्रायला. आणि डिजिटल भारत निधीतून त्या गावासाठी पुढचा हप्ता काढताना तो ठराव फाइलला जोडलेला असावा, असा नियम दिल्लीनं करावा.