चिठ्ठीखालचा कागद

शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमावरच्या संगमेश्वरात पाऊस लागला की चिकटवलेले सारेच सुटू लागते. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या कण्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र अर्ध्याच सुटतात. चिकटा मागे राहतो आणि धूळ बसून काळा पडतो. मूल्यांकनासाठी समिती येणार, म्हणून ‘सगळे स्वच्छ करा’ असे आम्हीच विद्यार्थ्यांना सांगितले होते. गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याने लोखंडी कपाटांवरचे जुने स्टिकर भराभर निघाले, आणि त्या यशाच्या भरात तोच फवारा पुस्तकांकडे वळला. आम्ही पोहोचेतो दहा-बारा पुठ्ठे तेलकट झाले होते.

मुलांची कृती सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही. स्टिकरचा चिकटा बहुधा रबर वा अ‍ॅक्रिलिक जातीचा असतो. तो पाण्याला दाद देत नाही, तेलाला किंवा स्पिरिटला देतो. म्हणून काचेवर, स्टीलच्या डब्यावर खोबरेल तेल चालते, सॅनिटायझरही चालते. मागाहून साबणाने पुसले की झाले. (फवारताना खिडकी उघडी असावी, शेगडी बंद.) पण हे फवारे कागदासाठी निघालेलेच नाहीत. डब्ल्यूडी-४० हा त्यांतला प्रसिद्ध फवारा १९५३ साली पाणी हटवून गंज रोखण्यासाठी सिद्ध झाला; नावातला ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. कागद तेल पितो, डाग आतल्या पानांपर्यंत उतरतो, आणि स्पिरिटने शिक्क्याची शाई फुटते.

आमचे खरे दुःख डागाचे नाही. एका कादंबरीवर तीन चिठ्ठ्या होत्या : वर बारकोड, त्याखाली वर्गांक, आणि तळाशी खळीने चिकटवलेली, बोरूच्या वळणाची, कुठल्याशा वाचनालयाची. त्या वाचनालयाचे नाव आता वाचता येत नाही. वाचकांचा इतिहास, साहित्यव्यवहार हे शब्द आम्ही वर्गात उच्चारतो, परीक्षेत त्यांवर प्रश्नही घालतो. आणि त्या व्यवहाराचा हाती असलेला पुरावा आमच्याच आज्ञेने पुसला गेला. समितीला चकचकीत कणे दिसले असते, इतकेच.

खळीची चिठ्ठी किंचित ओलसर फडक्याने निघते, पण ती काढायचीच कशाला? स्टिकरचा चिकटा त्रास देत असेल तर थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी, चिकटपणा मरतो. मग मऊ खोडरबराने हलकेच घासावे. त्याआधी चिठ्ठीवरचे अक्षरन् अक्षर दाखलनोंदवहीच्या शेरा-रकान्यात उतरवून घ्यावे. तो रकाना आमच्याकडे पहिल्यापासून कोराच आहे.

तेलकट पुस्तकांत सध्या टीपकागद घालून ठेवले आहेत.