पाना कुणाच्या हातात?

आमच्या मालवणच्या घराच्या पडवीत जुनी साडेतीनशे सीसीची बुलेट आहे, डाव्या अंगाला साइडकार जोडलेली. आईच्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. मागच्या सीटवर तिला बसता येत नसे, म्हणून बाबांनी साइडकार बसवून घेतली. बाजार, दवाखाना, कुणकेश्वरची यात्रा, सगळीकडे आई त्यातूनच गेली. बाबांच्या पश्चात गाडी माझ्या नावावर झाली, मी चालवू लागले. गाडी आता आपली झाली, असं मला वाटलं.

एका संध्याकाळी आईला तपासून आणताना ती आचऱ्याच्या रस्त्यावर बंद पडली. पाऊस, अंधार. दोन तास आम्ही दोघी एखाद्या ‘माणसाची’ वाट पाहत होतो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. काय बिघडलं ते त्याने माझ्या बारा वर्षांच्या भाच्याला समजावलं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “तां कळान तुमका काय करूचा आसा?” मी मुकाट पैसे दिले. समाजकार्याची पदवी घेतलेली, गावोगाव हक्कांवर बोलणारी मी, त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेजारचे एक काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना म्हटलं, तुम्ही गाडीला हात लावायचा नाही, फक्त सांगायचं. ते स्टुलावर बसले. आई बॅटरी धरून बसली, मापं वहीत लिहीत गेली.

आधी इंजिन गार असताना टॅपेट. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, मग पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. मग पॉइंट. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्यावर गंज चढला होता, रस्त्यात गाडी बंद पडली ती त्यामुळेच! पॉलिश पेपरने घासून फटीत फिलर गेज घातला. पाव मिलिमीटरहून थोडी जास्त, अर्ध्याहून कमी. प्लग साफ केला. मग इंजिन थोडं तापवून जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, सव्वादोन लिटर नवं तेल भरलं. साइडकारचं ओझं ओढताना चढावर खालच्या गिअरमध्ये राहावं लागतं, इंजिन जास्त तापतं, म्हणून तेलाकडे अधिक लक्ष हवं. काढलेलं तेल परसात ओतलं नाही, विहीर जवळ आहे. डब्यात भरून ठेवलं.

किक मारली, इंजिन लागलं. आई म्हणाली, “इतकी वर्सां मी बाजूक बसलंय. ह्येच्या आत काय आसा ता आज बगतंय.”

हे गटाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा एक जण चिडून म्हणाली, “म्हणजे आता आणखी एक काम बाईच्याच डोक्यावर?” प्रश्न रास्त आहे. पण प्रत्येक वेळी आपणच हात काळे करावेत, असं मी म्हणत नाही. काय बिघडलं ते कळावं, बिल तपासता यावं, रात्री रस्त्यात अडकून पडावं लागू नये, एवढं तरी हवं. न कळणाऱ्या यंत्राची मालकी कागदावरच राहते. नवरा गेल्यावर होडीचं इंजिन मिळेल त्या भावाला विकून टाकणारी बाई मी पाहिली आहे. ते चालू आहे की नाही, हेही तिला इतरांनीच सांगितलं होतं.

बायकांना यंत्र जमत नाही, असं कोण म्हणतं? शिलाई मशीनला तेल घालणं, बॉबिन केस साफ करणं, दोऱ्याचा ताण बसवणं आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. त्याला दुरुस्ती कुणी म्हणत नाही, इतकंच. थेरेसा वॉलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोघी १९३४च्या डिसेंबरात लंडनहून साइडकार जोडलेल्या पँथर मोटरसायकलवर निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५मध्ये केपटाऊनला पोचल्या. वॉलाक इंजिनिअरिंग शिकलेली होती. वाळवंटात मेकॅनिक कुठला मिळणार!

आपल्याकडे वेंगुर्ल्यात ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका २०१७पासून मांडवी खाडीत पर्यटकांना कांदळवन दाखवतात, होडी स्वतः वल्हवतात. २०२४च्या राज्य अर्थसंकल्पात १० हजार महिलांसाठी गुलाबी ई-रिक्षाची योजना जाहीर झाली. बायकांच्या हाती वाहन येत आहे, हे चांगलंच आहे. पण वाहनाबरोबर पाना येतो का? आपल्या प्रशिक्षणांत अजून शिवण, पापड, ब्यूटी पार्लर यांचीच यादी असते. श्रमविभागणीवर भाषणं आपण देतो आणि आपल्याच शिबिरांत ती जपतो.

म्हणून माझी सूचना आहे. पुढच्या शिबिरात एक दिवस इंजिनासाठी ठेवा. कुणाची स्कूटर, कुणाचा पाण्याचा पंप, कुणाच्या होडीचं इंजिन, जे असेल ते मध्ये ठेवा. शिकवायला बाई मिळाली तर उत्तमच. पुरुष आला तर त्याला स्टुलावर बसवा, पाने आपल्या हातात राहू देत. आणि मापं लिहायची वही विसरू नका.