बेस पाथ एकदाच लिहा

नागपूरच्या धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडच्या आजूबाजूला वरच्या मजल्यांवर छोटी सॉफ्टवेअर ऑफिसं थाटलेली असतात. चार-पाच मुलं, मोजके ग्राहक आणि भाड्याचा एक सर्व्हर. त्या एका सर्व्हरवर वेबसाइट, अ‍ॅडमिन पॅनल आणि मोबाइल अ‍ॅपची वेब सेवा असं सगळं एकत्र नांदतं. तिथे वेब सेवेच्या सगळ्या एन्डपॉइंटांना सामाईक बेस पाथ हवा की नको, यावरून वाद झडतात. माझं मत ठाम आहे: हवाच. तो पहिल्या दिवशी ठरवावा, अ‍ॅप्लिकेशनमध्ये एकाच जागी लिहावा आणि वेब सेवेपुरताच लावावा.

पूर्वपक्ष म्हणतो, प्रत्येक कंट्रोलरच्या डोक्यावर पाथ लिहिला की झालं, वेगळी सोय कशाला? पण चाळीस कंट्रोलर झाले की एकोणचाळिसांवर ‘/एपीआय/व्ही१’ असतं आणि घाईत लिहिलेल्या चाळिसाव्यावर नसतं. हा प्रश्न नीटनेटकेपणाचा नाही. ‘/एपीआय’खालच्या प्रत्येक विनंतीला टोकन लागेल, असा सुरक्षेचा नियम आपण लिहिलेला असतो. चाळिसावा दरवाजा त्या नियमाबाहेर पडतो आणि उघडा राहतो. (बाकी सगळं मुळातच बंद ठेवावं हे खरं, पण किती ऑफिसांत तसं असतं?)

सामाईक भाग एकदाच ठरवण्याचा फायदा पिनकोडात दिसतो. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. धरमपेठेच्या ४४००१० मधले पहिले तीन अंक नागपूरचे आहेत. ते इथल्या पोस्टाने आपल्या मर्जीने निवडलेले नाहीत, शहरासाठी एकदाच ठरले. पोस्टागणिक ते वेगळे असते तर टपालाची वर्गवारी कशी झाली असती? कंट्रोलरनेही आपल्यापुरतं ‘/ऑर्डर्स’ सांगावं, त्याआधीचा भाग त्याच्या हाती देऊच नये. साधनं तयार आहेत. जावाच्या जॅक्स-आरएसमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशनपाथ’ हे अ‍ॅनोटेशन २००९ पासून आहे, नेस्टजेएसमध्ये ‘सेटग्लोबलप्रीफिक्स’ ही एक ओळ पुरते, आणि स्प्रिंगमध्ये ५.१ पासून ‘अ‍ॅडपाथप्रीफिक्स’ आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: पाथ कशाला, वेगळा सबडोमेन घ्या, गिटहब तेच करतं. गिटहबच्या सार्वजनिक सेवेला ‘एपीआय’ नावाचा सबडोमेन आहे, हे खरं. पण तेच गिटहब एखादी कंपनी स्वतःच्या सर्व्हरवर बसवते, तेव्हा पत्ता ‘/एपीआय/व्ही३’ असा होतो. म्हणजे एका होस्टवर सगळं ठेवायचं झालं की त्यांनाही पाथच घ्यावा लागला, आणि आपली छोटी ऑफिसं नेमकी त्याच परिस्थितीत आहेत. शिवाय ब्राउझरच्या हिशेबी ओरिजिन म्हणजे स्कीम, होस्ट आणि पोर्ट. पाथ त्यात येत नाही. सबडोमेन वेगळा केला की कॉर्सचं लचांड मागे लागतं, आणि टोकन हेडरमधून पाठवत असाल तर प्रीफ्लाइटच्या जादा विनंत्या येतात. त्याच होस्टवर ‘/एपीआय’ ठेवलं तर यातलं काही उद्भवत नाही.

तिसरे म्हणतात, आमचा प्रॉक्सी बघून घेईल. मला सर्वांत जास्त भीती याच उत्तराची वाटते. एंजिनएक्समध्ये ‘/एपीआय/’ या लोकेशनखाली प्रॉक्सीपासच्या पत्त्यात होस्टपुढे स्लॅश दिला, तर तो भाग गळून आत फक्त ‘/ऑर्डर्स’ पोहोचतं. स्लॅश नसेल तर अख्खा पाथ जसाच्या तसा जातो. एका चिन्हाने वागणूक पालटते, आणि ते चिन्ह कोडच्या रिपॉझिटरीत बऱ्याचदा नसतंही. लॅपटॉपवर प्रॉक्सी नसतो, म्हणून तिथे चाललेलं सर्व्हरवर मोडतं. अ‍ॅप्लिकेशनने स्वतः तयार केलेल्या लिंक आणि रीडायरेक्टमध्ये ‘/एपीआय’ हा उपसर्ग येत नाही. तो आणायला पुन्हा वेगळा हेडर पाठवा. रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असा हा कारभार.

कुणी २०२० च्या आरएफसी ८८२० चा दाखला देतात. पण इतरांच्या पत्त्यांची रचना मानकांनी परस्पर ठरवू नये, एवढंच त्यात आहे. आपल्या होस्टचे मालक आपणच. इथे तो दाखला लागू पडत नाही.

एक मात्र मान्य करतो: बेस पाथ चुकीच्या जागी लावला तर तो घात करतो. स्प्रिंग बूटमध्ये ‘सर्व्हर.सर्व्हलेट.कॉन्टेक्स्ट-पाथ’ बदललं की अख्खं अ‍ॅप्लिकेशन सरकतं. पोर्ट तोच असेल तर हेल्थ चेकला उत्तर देणारा अ‍ॅक्च्युएटरही सरकतो. हेल्थ चेक जुन्याच पत्त्यावर विचारत राहतो, ४०४ मिळतो आणि धडधाकट कंटेनर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. म्हणून उपसर्ग फक्त वेब सेवेच्या कंट्रोलरांना लावायचा आणि हेल्थ चेक बाहेर ठेवायचा.

अ‍ॅप लिहिणाऱ्यांनीही तो एकदाच लिहावा, आणि शेवटच्या स्लॅशसकट. २००५ च्या आरएफसी ३९८६ नुसार ‘/एपीआय/व्ही१’ या बेसला ‘ऑर्डर्स’ जोडलं तर ‘/एपीआय/ऑर्डर्स’ मिळतं, ‘व्ही१’ गायब. अँड्रॉइडचं रेट्रोफिट शेवटी स्लॅश नसलेला बेस पाथ सरळ नाकारतं, हे चांगलंच आहे. पण एन्डपॉइंटच्या सुरुवातीला स्लॅश दिला तर तेही रोखत नाही, आणि विनंती थेट होस्टच्या मुळाशी जाते.