दयेवर शिक्का कशाला?

ख्रिस्ती माणसाने कुणाला भाकरी दिली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: बदल्यात काय मागितले? भुकेल्याचे पोट भरले का, हा प्रश्न मागाहून येतो. पुष्कळदा येतच नाही. ख्रिस्ती दया म्हणजे गळाला लावलेले आमिष, असा हा पूर्वपक्ष. शे-सव्वाशे वर्षे तो मराठीत मांडला जातो आहे आणि मांडणारे सगळेच काही आडमुठे नव्हते. तेव्हा त्याला हसण्यावारी न नेता आधी त्याचीच बाजू पुरती मांडू. त्यासाठी मी उदाहरण घेतो जपानमधल्या सेंदाईचे. तिथे आपली जात नाही, मतदारसंघ नाही, त्यामुळे डोके थंड ठेवून बोलता येते.

सेंदाईत ख्रिस्ती धर्माने मूळ धरले त्यामागे व्यापाराचे गणित होते. तिथला दाइम्यो, म्हणजे सरंजामदार, दाते मासामुने याला मेक्सिकोशी थेट व्यापार हवा होता आणि लुईस सोतेलो या फ्रान्सिस्कन मिशनऱ्याला धर्मप्रचाराला मोकळे रान. दोघांची सोय जमली. १६१३ च्या ऑक्टोबरात 'सान हुआन बाउतिस्ता' हे जहाज निघाले. मासामुनेचा सामुराई हासेकुरा त्सुनेनागा मजल दरमजल करीत स्पेनला पोहोचला, १६१५ मध्ये माद्रिदला त्याने बाप्तिस्मा घेतला, रोमला जाऊन पोप पाचवा पॉल याच्यापुढे उभा राहिला. व्यापाराचे मात्र जमले नाही. १६२० मध्ये हासेकुरा रिकाम्या हाताने परतला आणि त्याच वर्षी मासामुनेने आपल्या मुलखात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. सौदा फसला, धर्म संपला. पूर्वपक्षाला याहून सोयीचा दाखला कुठे मिळणार?

घरचा दाखलाही देऊन टाकतो. पंडिता रमाबाई अमेरिकेहून परतताना जपानमार्गे आल्या, तिथे त्यांची भाषणे झाली, आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरलेले होते. पुढे सदन पुण्याला आले आणि १८९३ मध्ये बोभाटा झाला की मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची भूमिका अशी की मी कुणावर सक्ती करीत नाही, पण प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दारही लावून घेणार नाही. 'केसरी'चा संशय अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. जिला दुसरे छप्पर नाही अशा मुलीच्या दृष्टीने उघडे दार आणि आमंत्रण यांत फारसे अंतर उरत नाही.

पण याच सदनातल्या सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनींमध्ये एक गोदूबाई होत्या. बोभाट्याच्याच वर्षी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि आणखी तीन वर्षांनी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना केली. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. रमाबाईंनी लावलेले रोप कर्व्यांच्या अंगणात वाढले आणि त्याचे बिल कुणी धाडले नाही. आमिष म्हणणाऱ्यांनी या एका घराचा हिशेब मांडून दाखवावा.

आता मूळ मुद्दा. आरोप आचरणावर असेल तर तो प्रकरणागणिक तपासायचा. काही ठिकाणी तो सिद्ध होईल, काही ठिकाणी फसेल. आपल्याकडे मात्र आरोप शिकवणीवरच होतो, आणि तिथे तो तग धरत नाही. लूकच्या शुभवर्तमानातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, पण तिचा तपशील कुणी नीट पाहत नाही. यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस लुटला जातो. याजक पाहून जातो, लेवी पाहून जातो. थांबतो तो शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्या यहुद्यांच्या लेखी पाखंडी, बाटगा. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर घालून त्याला उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि वर खर्च झाला तर परतीच्या वाटेवर चुकता करीन म्हणतो. बस्स. जखमी शुद्धीवर आल्यावर त्याला शोमरोन्यांच्या पवित्र गरिज्जीम डोंगराचे माहात्म्य ऐकवले, यरुशलेमचे मंदिर सोडायला लावले, असे काही घडत नाही. जखमी माणूस बरा झाल्यावर आपल्याच मंदिरात गेला असणार. येशूने दयेचा आदर्श म्हणून निवडला तोच मुळी परधर्मी, आणि त्याच्या दयेचे फळ म्हणून धर्मांतर दाखवलेले नाही.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांना भाकरी मिळते आणि खूश झालेला जमाव येशूला राजा करायला निघतो. प्रचारकाच्या दृष्टीने हा सुवर्णक्षण! येशू मात्र एकटाच डोंगरावर निघून जातो, आणि लोक दुसऱ्या दिवशी शोधत आले की भाकरीसाठी मागे लागलात म्हणून त्यांनाच चार शब्द सुनावतो. दहा कुष्ठरोगी बरे होतात, आभार मानायला एकच परततो, तोही शोमरोनीच. बाकीचे नऊ कुठे गेले अशी विचारणा होते खरी, पण त्यांचे कुष्ठ परत आणले जात नाही. दुष्काळात भाकरी देऊन माथी मोजणाऱ्या मिशनऱ्याला या ग्रंथातून आधार काढायचा तर बरीच पाने फाडावी लागतील.

इथे दुसरा प्रतिपक्षी उठतो आणि तो आपल्याच ख्रिस्ती मंडळीतला असतो. तो म्हणतो, मत्तयाच्या शेवटी सर्व राष्ट्रांना शिष्य करण्याची आज्ञा आहे, तिचे काय? सुवार्तेशिवाय सेवा म्हणजे नुसते समाजकार्य! आज्ञा आहे, ती कुणी लपवलेली नाही. पण सांगण्याची आज्ञा आणि भाकरीच्या मोबदल्यात ऐकायला लावण्याची मुभा या दोन गोष्टी एक कशा होतील? ज्याचे घर काल वाहून गेले त्याला 'नको' म्हणायची ताकद नसते. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला काय किंमत? त्याच मत्तयात डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे की दान करताना कर्णा वाजवू नका, उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नका. पाकिटात पत्रक घालणारा हात नेमके हेच विसरतो.

ही खोड एकट्या ख्रिस्ती मंडळींची आहे असे मात्र कुणी समजू नये. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे वाटलेल्या धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवलेले होते. घरात छातीभर पाणी आणि तांदळाच्या पिशवीवर साहेबांचे हसू! त्या पिशवीला कुणी धर्मांतर म्हटले नाही, कारण तिथे फक्त मत हवे होते.

सेंदाईकडे परत येतो. 'सौदा फसला, धर्म संपला' हे वाक्य मी वर लिहिले ते पूर्वपक्षाच्या तोंडचे, आणि ते खोटे आहे. फेब्रुवारी १६२४ मध्ये दियोगो दे कार्वाल्यो हा पोर्तुगीज जेझुइट आणि त्याच्यासोबतचे जपानी ख्रिस्ती यांना सेंदाईच्या किल्ल्याखालून वाहणाऱ्या हिरोसे नदीच्या गोठत्या पाण्यात उभे करून मारले गेले. तेव्हा ना व्यापार उरला होता ना दाइम्योची मर्जी. दातेच्याच मुलखात उत्तरेला, मिझुसावाजवळ, गोतो जुआन नावाचा ख्रिस्ती सामुराई होता. १६१८ पासून त्याने इसावा नदीचे पाणी वळवून कोरड्या माळावर आणण्यासाठी कालवा खोदायला घेतला. धर्म सोड, असे वरून सांगणे आले. त्याने जहागीर सोडली आणि परागंदा झाला. अर्धवट राहिलेला कालवा गावातल्या दोघांनी १६३१ मध्ये पुरा केला. त्याला आजही जुआनचा कालवा म्हणतात आणि भाताची खाचरे आजही त्याच्यावर भिजतात. पाणी घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला बाप्तिस्म्याचा दाखला मागण्याची सोय कालव्यात नसते.

११ मार्च २०११, दुपारचे २ वाजून ४६ मिनिटे. भूकंप ९.० च्या आसपासच्या तीव्रतेचा, मागोमाग त्सुनामी. सेंदाई ज्यात येते त्या एकट्या मियागी प्रांतात साडेनऊ हजारांहून जास्त माणसे गेली. दहनाला इंधन पुरेना, काही गावांत प्रेते तात्पुरती पुरावी लागली. आणि हा असा देश, जिथे दहन हाच रिवाज. कित्येक देवळेच वाहून गेलेली, घराण्याचा भिक्षू जिवंत आहे की नाही ठाऊक नाही. अशा वेळी सेंदाईच्या कुझुओका दहनभूमीत शहरातले बौद्ध भिक्षू आणि ख्रिस्ती पाळक येऊन थांबू लागले. कुणी मंत्र म्हणा म्हटले तर मंत्र, कुणी नुसते बसा म्हटले तर बसणे. त्यातून दुःखितांची विचारपूस करणारे एक केंद्र उभे राहिले. त्याचे प्रमुख होते डॉ. ताकेशी ओकाबे, मरणासन्न रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करणारे डॉक्टर, ज्यांना स्वतःलाच कर्करोग झालेला होता. माणूस मरणाच्या अंधारात उतरतो तिथे डॉक्टरचे हात पोहोचत नाहीत, तिथे धर्म जाणणारे कुणी तरी हवे, असे त्यांचे मत. २०१२ च्या सप्टेंबरात ते गेले.

२८ एप्रिल २०११ हा मृतांचा एकोणपन्नासावा दिवस, बौद्ध रिवाजात आपल्या तेराव्यासारखा महत्त्वाचा. कुरिहारा इथल्या झेन मंदिराचे भिक्षू ताइओ कानेता काही भिक्षूंना घेऊन मिनामिसानरिकूच्या उद्ध्वस्त किनाऱ्याने मंत्र म्हणत चालत निघाले. सोबत एक ख्रिस्ती पाळकही होता. चिखल, कुबट वास, अजून न सापडलेली प्रेते. चालता चालता भिक्षूंचे मंत्र ओरडण्यासारखे होऊ लागले, आणि पाळकाला म्हणायला योग्य असे एकही स्तोत्र सापडेना. मला या साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत ख्रिस्ती गोष्ट वाटते. सांगायला सुवार्ता खिशात असतानाही ती तोंडातून निघेना, तरीही तो शेवटपर्यंत चालला. पुढे कानेतांनी तात्पुरत्या वसाहतींतून फिरता चहा-कॉफीचा अड्डा चालवला; येणारी माणसे केक खात आणि हातात मावेल एवढा मातीचा जिझो बोधिसत्त्व घडवत.

या अनुभवातून २०१२ मध्ये तोहोकु विद्यापीठात अभ्यासक्रम सुरू झाला. भिक्षू, पाळक, शिंतो पुजारी, सगळे एकाच वर्गात. रुग्णालयात आणि आपत्तीत लोकांजवळ कसे बसावे याचे शिक्षण. पहिला नियम धर्मप्रचार न करण्याचा. आक्षेपक म्हणेल, ते सरकारी विद्यापीठ, जपानची घटना धर्म आणि राज्य वेगळे ठेवते, नियम केल्याशिवाय गत्यंतर काय? बरोबर आहे. पण पाळकांनी हा नियम दहनभूमीत वर्षभर आधीच पाळायला घेतला होता, तेव्हा तिथे कुणी कुलगुरू उभा नव्हता.

आणखी एक शंका उरते: मग त्यात ख्रिस्ती असे काय राहिले? दया करायला धर्म लागत नाही; त्याच मियागीत ओनागावा गावी आपल्या एनडीआरएफचे ४६ जवान बर्फात ढिगारे उपसत होते, परदेशातली त्या दलाची ती पहिलीच मोहीम. मान्य. दयेची मक्तेदारी कुणी मागतच नाही. फुकुशिमाच्या अणुभट्ट्या फुटल्यावर सेंदाईतल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या एकत्रित कामाने, 'तोहोकु हेल्प'ने, अन्नातला किरणोत्सर्ग मोजून द्यायला सुरुवात केली. पोराच्या ताटातला तांदूळ तपासून हवा असलेल्या आईला हवा होता आकडा, आणि तिला आकडाच मिळाला. यात ख्रिस्ती काय, तर मागितले तेच दिले आणि त्यावर काही चिकटवले नाही. शोमरोन्याच्या गोष्टीत याहून जास्त काही नाही.

तेव्हा दोन्ही पक्षांना एकेक मागणे. मंडळ्यांनी पुढच्या पुरात, पुढच्या भूकंपात ट्रकवरचा फलक आणि पाकिटातली पत्रके घरी ठेवावीत. सुवार्ता सांगायचीच असेल तर पाणी ओसरल्यावर, लोक आपापल्या घरी परतल्यावर, ज्याला दार लावून घेता येते त्याला सांगावी. आणि ज्यांना ख्रिस्ती भाकरीत गळ दिसतो त्यांनी आधी आपल्या पिशव्यांवरचे फोटो सोडवून काढावेत. त्यानंतर आमिषाविरुद्ध निवेदन काढाल तर त्यावर माझीही सही घ्या.