जगाच्या ताळेबंदातील बेवारस संपत्ती

आपल्या रहिवाशांनी परदेशांतील समभाग व कर्जरोखे किती धारण केले आहेत, याची कोष्टके आज ऐंशीहून अधिक देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पाहणीत सादर करतात. १९९७ अखेरच्या पहिल्या पाहणीत केवळ २९ देश होते. २००१ पासून ती दरवर्षी आणि २०१३ पासून वर्षातून दोनदा होऊ लागली. भारतही तीत सहभागी आहे. भांडवलाच्या मुक्त संचाराचे पुरस्कर्ते या कोष्टकांकडे बोट दाखवून सांगतात की, आता सारा व्यवहार पारदर्शक झाला. या दाव्याची तपासणी श्रमिकांच्या बाजूने होणे अगत्याचे आहे. कारण जी संपत्ती मोजली जात नाही तिच्यावर कर बसत नाही, आणि जो कर धनिक चुकवितो तो मीठमिरचीच्या भावातून गरिबाकडून वसूल होतो.

कोष्टकाचा मूलभूत नियम असा की, रोखा ज्या देशात नोंदलेल्या कंपनीचा, त्या देशाच्या नावे तो मांडावयाचा. मग कंपनीचा कारभार, कामगार व नफा कोठेही असोत. अलीबाबा ही कंपनी चीनची, हे शाळकरी पोरही सांगेल. परंतु ती नोंदलेली आहे केमन बेटांत. म्हणून अमेरिकन गुंतवणूकदाराने तिचा समभाग घेतला की तो केमनच्या खात्यात पडतो. लाखभरही वस्ती नसलेली ही बेटे अमेरिकेच्या परदेशी रोख्यांच्या यादीत अगदी वरच्या रांगेत बसतात, ती अशी. तेथील अग्लंड हाउस या एका इमारतीत १८ हजारांहून अधिक कंपन्या नोंदलेल्या असल्याचे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनेच २००८ मध्ये सांगितले. कोष्टक खोटे बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्नच सोयिस्कर आहे. पैसा कोठे नोंदला, एवढेच ते सांगते. तो कोणाचा, हे त्याला कोणी विचारीतच नाही.

याहून कठोर परीक्षा साध्या बेरजेची आहे. एकाचे येणे ते दुसऱ्याचे देणे. म्हणून साऱ्या जगाची येणी व देणी सारखी यावयास हवीत. ती येत नाहीत. देणी अधिक भरतात, येणी कमी पडतात. कारण उघड आहे. एखादा धनिक स्विस बँकेतील खात्यातून लक्झेंबर्गमधील निधीचे भाग घेतो. लक्झेंबर्ग ते देणे म्हणून नोंदविते. मालक स्विस रहिवासी नसल्याने स्वित्झर्लंड ते आपले येणे मानीत नाही. मालकाच्या मायदेशाला तर पत्ताच नसतो. संपत्ती आहे, व्याज व लाभांश वेळेवर पोहोचतो. मात्र जगाच्या ताळेबंदात ती बेवारस! गॅब्रिएल झुकमन या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये याच विसंगतीचा माग काढून अनुमान केले की, जगातील कुटुंबांच्या वित्तीय संपत्तीपैकी सुमारे ८ टक्के करबुडव्यांच्या नंदनवनांत आहे आणि तिचा तीन-चतुर्थांश भाग कोठेच नोंदलेला नाही.

भारताच्या कोष्टकात परदेशी रोख्यांचा आकडा किरकोळ दिसतो. गरीब देशाच्या धनिकांजवळ परदेशात असणार तरी काय, असा भाबडा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. पण २०१२ मध्ये केंद्र सरकारच्याच काळ्या पैशावरील श्वेतपत्रिकेने कबूल केले की, मॉरिशस व सिंगापूर या चिमुकल्या अर्थव्यवस्था भारतात येणाऱ्या एवढ्या भांडवलाचा उगम असू शकत नाहीत आणि त्या वाटेने येणाऱ्यांत भारतीयही असू शकतात. म्हणजे स्वदेशी पैसा परदेशी वेष चढवून परत येतो आणि वर त्याचे स्वागत होते! सरकारने तीन संस्थांना अंदाज करावयास सांगितले. त्यांचे अहवाल २०१३-१४ मध्ये हाती आले, त्यांतील निष्कर्ष मात्र संसदीय समितीमार्फत २०१९ मध्ये बाहेर पडले. एकीने १९८० ते २०१० या काळात ३८४ ते ४९० अब्ज डॉलर बाहेर गेल्याचे म्हटले, तर दुसरीने १९९० ते २००८ साठी २१६ अब्ज. याच्या शेजारी २०१५ च्या कायद्याने दिलेली सवलतीची खिडकी ठेवून पाहावी. तेथे साडेसहाशेच्या आसपास लोकांनी सुमारे चार हजार कोटी रुपये जाहीर केले. हत्ती गेला आणि शेपूट सापडले म्हणून दवंडी पिटली गेली.

त्याच २०१५ च्या अर्थसंकल्पाने १९५७ पासूनचा संपत्ती कर रद्द केला. वसुली जेमतेम हजार कोटी, हे कारण देण्यात आले. वसुली तोकडी होती, कारण समभाग व रोखे बव्हंशी त्या कराच्या कक्षेबाहेर ठेवले होते. चाळणीला भोके पाडावयाची आणि पाणी ठरत नाही म्हणून ती फेकून द्यावयाची, असा हा न्याय! 

खोलात गेल्यास भांडवल पळून जाईल, अशी भीती घातली जाते. जे आधीच पळाले आहे, त्याचाच हिशेब मागितला जात आहे. २०१७ पासून परदेशी खात्यांची माहिती भारताला आपोआप मिळू लागली. २०१९ पासून स्वित्झर्लंडही ती देतो. खाती किती, रक्कम किती आणि कर किती वसूल झाला, एवढी बेरीज दरवर्षी संसदेपुढे मांडल्याने कोणाचे नाव उघड होत नाही. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर त्याची जमीन, पीक आणि कर्जाचा बोजा कोणीही वाचावा. रोख्यांच्या धन्याचे नाव मात्र गुपित राहावे, हा कोणता समान नागरिकत्वाचा न्याय आहे?

१९६३ मध्ये लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी तीन आण्यांचा प्रश्न उभा केला आणि सरकारच्या पंधरा आण्यांच्या सरासरीमागे दडलेले दारिद्र्य देशाला दिसले. आज कोष्टकामागे दडली आहे ती श्रीमंती. कंपन्यांच्या व रोख्यांच्या खऱ्या मालकांची सार्वजनिक नोंदवही, परदेशी खात्यांचा वार्षिक हिशेब आणि रोख्यांसह साऱ्या मोठ्या संपत्तीवर कर, या तीन मागण्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या सभांतून मांडल्या पाहिजेत. आकडे तज्ज्ञांचे असतील, पण त्यांतून गळालेला पैसा जनतेचा आहे.