बँड ते रौप्यमहोत्सव : मधल्या पायऱ्यांचे काय?

कलावंताच्या यशाची मीमांसा करताना आपल्याकडे दोनच शब्दांवर भागवले जाते : एक दैव, दुसरा देणगी. गाणारा-वाजवणारा एखादा मुलगा उद्या पडद्यावर झळकला की ‘नशीब काढले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आणि जो झळकत नाही त्याच्याकडे ती देणगीच नव्हती, असे गृहीत धरतो. ही विचारसरणी सोयीची असली तरी अपुरी आहे. कला हा जसा प्रतिभेचा विषय आहे, तसाच तो पोटाचा आणि बाजारपेठेचाही विषय आहे, याचा तीत विसर पडतो.

प्रस्तुत लेखक बिलोलीत अर्थशास्त्र शिकवतो. आमच्याकडे लग्नसराई आणि परीक्षा बहुधा हातात हात घालूनच येतात. काही वर्षांपूर्वी बी. ए.चा एक विद्यार्थी हजेरी कमी भरल्यामुळे भेटायला आला. बँजो पार्टीत तो कॅशिओ वाजवत असे. बिलोली, देगलूर, धर्माबाद आणि सीमा ओलांडून तेलंगणातील गावे एवढा त्याच्या पार्टीचा मुलूख. एकाच वरातीत मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही गाण्यांची फर्माईश पुरी करावी लागे. “सर, तिथी सोडली तर पार्टीतली जागा जाते,” तो म्हणाला. ‘दोन दगडांवर पाय ठेवू नये’ हा आम्हा शिक्षकांचा ठेवणीतला उपदेश मी त्याला ऐकवला. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “पण सर, दादा कोंडकेपण बँडमधूनच आले होते ना?”

त्याला मी तेव्हा समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. प्रश्न मात्र विचार करण्याजोगा होता.

कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईतील नायगावच्या गिरणी कामगार वस्तीत झाला. करमणुकीच्या क्षेत्रात त्यांचे पहिले पाऊल पडले ते बँडपासून. पोटासाठी ‘अपना बाजार’ या कामगारांच्या सहकारी ग्राहक भांडारात तुटपुंज्या पगाराची नोकरी होती. पुढे सेवादलाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांतून ते रंगमंचावर आले. ‘खणखणपूरचा राजा’ या लोकनाट्यातील त्यांचे काम पाहिलेल्या वसंत सबनीस यांनी त्यांच्यासाठी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिले. १९६५ साली रंगमंचावर आलेल्या या लोकनाट्याचे प्रयोग दीड हजारांच्या पुढे गेले. आशा भोसले यांनी शब्द टाकल्यावर भालजी पेंढारकरांनी १९६९ च्या ‘तांबडी माती’त दादांना भूमिका दिली. त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्या चित्रपटाला मिळाला. म्हणजे दादा पडद्यावर आले तेव्हा त्यांचे वय सदतिशीच्या घरात होते. आज ज्याला आपण ‘एका रात्रीत मिळालेली प्रसिद्धी’ म्हणतो, ती रात्र दादांच्या बाबतीत चांगली दीड-दोन दशकांची होती.

या काळात त्यांनी जी पुंजी जमवली, ती पैशाची नव्हती. गावोगावच्या प्रेक्षकाला कोठे हसू येते, कोणत्या गाण्यावर तो ठेका धरतो आणि केव्हा कंटाळून उठतो, याचे ज्ञान ही ती पुंजी होय. १९७१ च्या ‘सोंगाड्या’त त्यांनी ती प्रथम स्वतःच्या जोखमीवर गुंतवली. निर्माते ते स्वतःच होते. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात हा चित्रपट लावण्यास अडथळा आला, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांची शिवसेना त्यांच्या बाजूने उभी राहिली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. माल उत्तम असूनही दुकानात जागा न मिळणे हे मराठी चित्रपटाचे दुखणे किती जुने आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

पुढील चित्रपटांत दादांनी आपला संच शक्यतो मोडला नाही. नायिका उषा चव्हाण. पार्श्वगायनाला महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’पासून संगीताला राम-लक्ष्मण. गाणी तर कित्येकदा दादांच्याच लेखणीतून उतरत. यात कलात्मक आळस पाहणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा. मला त्यात धोका कमी करण्याचे व्यवहारज्ञान दिसते. लागोपाठ नऊ चित्रपटांनी पंचवीस आठवड्यांचा पल्ला गाठला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली, हा निव्वळ दैवाचा खेळ खचित नव्हे.

दादांवरील आक्षेपाची दखल घेतल्याविना मात्र हा विचार पुरा होणार नाही. त्यांचे संवाद द्व्यर्थी होते आणि त्या विनोदाचे लक्ष्य पुष्कळदा स्त्रीच असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरी शिक्षक वडिलांनी त्यांच्या चित्रपटांना बंदी घातली होती. ‘पांडू हवालदार’ मी जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून, चोरून पाहिला. वडिलांचा आक्षेप आज मला पुष्कळसा पटतो. तथापि त्या तंबूत दिवसभर राबून आलेली माणसे पोट धरून हसत होती, आणि आपल्यासारखा बोलणारा, आपल्यासारखाच बावळट ठरवला गेलेला माणूस अखेरीस हवालदाराला, सावकाराला, पुढाऱ्याला पुरून उरतो, हे पाहून ती सुखावत होती, हेही तितकेच खरे. अभिरुचीच्या पहारेकऱ्यांनी त्या प्रेक्षकासाठी दुसरे काय निर्माण केले होते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

अल्फ्रेड मार्शल यांनी आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात मिसेस बिलिंग्टन या गायिकेचे उदाहरण दिले आहे. मानवी आवाज जेवढ्या श्रोत्यांपर्यंत पोचतो तेवढ्यापुरतीच गायकाची कमाई मर्यादित राहणार, असा त्यांचा निष्कर्ष. तंत्रज्ञानाने ही मर्यादा पुसली. १९८१ साली शेर्विन रोझेन यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली : एकच कलावंत लाखोंपर्यंत पोचू लागला की गुणवत्तेतील थोड्याशा फरकानेही मिळकतीत प्रचंड अंतर पडते. शिखरावर मूठभर, बाकीचे पायथ्याशी. बँडच्या सुपारीपासून रौप्यमहोत्सवापर्यंतचे अंतर हे असे आहे.

परंतु दादांच्या काळी शिखर आणि पायथा यांच्यामध्ये पायऱ्या होत्या. गिरणगावातील मेळे, कलापथके, लोकनाट्याचे दौरे, जत्रेतील तंबू, तालुक्याचे चित्रपटगृह. यांतील प्रत्येक पायरीवर थोडी कमाई, समोर बसलेला प्रेक्षक आणि चुकण्याची मुभा होती. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उजाड होत गेले. तंबू उठले. लहान गावांतील कित्येक चित्रपटगृहांची गोदामे वा मंगल कार्यालये झाली. आता मोबाइलवरील चित्रफीत आमच्या बँजोवाल्याला रातोरात लाखोंपुढे उभी करते. पण सकाळी त्याच्या हाती काय पडते? कलाकाराचे हक्क १९९४ साली कायद्यात आले, २०१२ च्या दुरुस्तीने मानधनातील वाटाही मान्य झाला. परंतु ज्याच्याजवळ लेखी करारच नाही, त्याला त्या कलमांचा उपयोग किती?

शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते, ते योग्यच आहे. पण ते पुऱ्या झालेल्या चित्रपटाला मिळते. म्हणजे शिखराला रंग दिला जातो आणि पायऱ्या ढासळत राहतात. तालुक्याच्या ठिकाणी माफक भाड्याचे एक सभागृह, यात्रांतून स्थानिक पथकांना ठरलेल्या मानधनाचे प्रयोग, वादकांच्या नोंदणीकृत सहकारी संस्था आणि खेळाडूला मिळते तशी कलावंत विद्यार्थ्याला हजेरीत सवलत, एवढ्या गोष्टींना काही कोट्यवधी रुपये लागत नाहीत. यातून दर वर्षी एक दादा कोंडके निर्माण होईल, असे कोणी समजू नये. जे दादा होणार नाहीत त्यांनाही आपल्या कलेवर मानाने जगता यावे, हा यातला खरा हेतू आहे.

१४ मार्च १९९८ रोजी दादा गेले. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या नावापुढे मी नियमानुसार ‘हजेरी अपुरी’ असा शेरा मारला. तिथीला तो गेला. परीक्षेला बसला नाही. नियम मी पाळला, यात शंका नाही. परंतु त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता द्यायचे झाले, तर ते असे द्यावे लागेल : होय, दादा बँडमधूनच आले, मात्र त्यांच्या पायाखाली पायऱ्या होत्या, आणि तुझ्या वाटेवरची एक पायरी माझ्याच हातून निखळली.