कुत्र्याला दोष देणं बंद करा

मित्रांनो, स्पष्टच बोलतो, राग आला तरी चालेल. दोनेक वर्षांपूर्वी आपल्या गावात ‘जॅक रसेल टेरियर’ घ्यायची टूम निघाली. छोटं, पांढरं-तपकिरी, चुणचुणीत कुत्रं. ‘द मास्क’ सिनेमातला मायलो आठवतो ना, तेच. आज तीच कुत्री ‘कुणाला हवं का, फुकट देतो’ म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतायत. कारणं ठरलेली. सोफा फाडला, कुंड्या उकरल्या, दिवसभर भुंकतं, शेजारी भांडतात.

अहो, पण ते त्याचं कामच करतंय! इंग्लंडमध्ये पुढे पाद्री झालेल्या जॉन रसेल यांनी १८१९ मध्ये, ऑक्सफर्डला शिकत असताना, एका गवळ्याकडून ‘ट्रम्प’ नावाची टेरियर मादी घेतली. या जातीचं मूळ तिच्यापर्यंत नेलं जातं. शिकारीत घोड्यांमागे पळायचं, कोल्हा बिळात शिरला की मागे घुसायचं, भुंकून त्याला बाहेर काढायचं, यासाठी ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवली. अशा कुत्र्याला टू बीएचकेत कोंडून ‘फार मस्ती करतं’ म्हणणं म्हणजे शर्यतीचा बैल गॅलरीत बांधून त्याच्या नावानं बोंब मारण्यासारखं आहे.

‘लहान आहे, फ्लॅटला चालतं’ हे विकणाऱ्याचं वाक्य. उंची फूटभर, वजन सहा-सात किलो, हे खरं. पण त्याला रोज किमान तासभर पळवावं लागतं, तेही आपल्याकडच्या उन्हात भल्या पहाटे आणि दिवस कलल्यावर. शिवाय डोक्याला काम द्यावं लागतं. खाऊ लपवून शोधायला लावा, रोज थोडं थोडं शिकवा. खार किंवा उंदीर दिसला की ते हाक ऐकत नाही, म्हणून पट्टा आणि पक्कं कुंपण हवं. घरात ससा असेल तर विचारच सोडा. लहान पोरानं शेपूट ओढली तर ते गप्प सोसेलच असं नाही. आणि हे सगळं १३-१४ वर्षं. आज पाचवीतल्या ज्या पोराच्या हट्टापायी आणलं, ते तोवर नोकरीला लागलेलं असेल.

विकणाऱ्यांनाही सोडणार नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आपल्याकडे पिल्लू खोक्यातून येतं. ना पावती, ना नोंदणी. विचारतो कोण?

आणि सोडून दिलं तर? १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. म्हणजे दोन वडापाव! गेल्या महिन्यात बायपासच्या ढाब्यामागे गळ्यात पट्टा असलेलं एक जॅक रसेल दिसलं. ते सोडणाऱ्यानंच उद्या भटक्या कुत्र्यांविरुद्ध नगरपालिकेला निवेदन दिलं, तर मला नवल वाटणार नाही.

ही जात वाईट नाही. मळ्यात राहणारा, रोज पळायला जाणारा माणूस असेल तर यासारखा सोबती नाही. इतरांनी एक करा. आधी महिनाभर नुसता पट्टा हातात घेऊन रोज पहाटे तासभर चाला. जमलं तर पिल्लू आणा. ज्यांनी आधीच आणलंय, त्यांनी ग्रुपवर ‘फुकट’ टाकण्याआधी उद्यापासून त्याला फिरवायला लागा. बरंचसं फाडणं-भुंकणं कमी होईल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी इथंच आहे.